आधी विचार, मग हात लाव

"ताई, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात आता म्हणे शिकाऊ पोरंच तपासत्यात. सुनेला तिथं न्यावं का नको?"

आमच्या गंगाखेडच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते गोळा झाले होते, वही लिहून झाली होती, चहाला उकळी फुटायची होती. अशा वेळी बायका खरं बोलतात. अक्कांच्या सुनेला सहावा महिना लागलाय. पहिलटकरीण आहे, अंगात रक्त कमी आहे. आशाताईंनी सांगितलंय, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. आणि अक्का मात्र अडून बसलेल्या.

"अहो अक्का, आता तिथं कॉलेज झालंय. मोठमोठे डॉक्टर आलेत," मी म्हटलं.

"म्हणून तर नको म्हणते ना," अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

तीसएक वर्षांपूर्वी त्या एका मोठ्या दवाखान्यात भरती होत्या. कुठल्या, ते नको सांगायला. सकाळी मोठे डॉक्टर आले, मागे सात-आठ मुलं आणि दोन मुली. "कुणी काही बोललं नाही, इचारलं नाही. सरळ साडी वर केली. मास्तर इंग्रजीत सांगत व्हता आन पोरं लिहून घेत व्हती. दोघांनी तपासून पाहिलं. मी डोळे गच्च मिटून घेतले. माझं नावबी कुणी इचारलं नाही, ताई. जाताना एकानं चादर टाकली अंगावर, तेवढंच." त्यानंतरची दोन्ही बाळंतपणं अक्कांनी घरीच केली. स्वतःच्या दुखण्यासाठी त्या पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

चहा तसाच राहिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बीए झालेली, संसार सांभाळून चार बायकांना धरून थोडंफार काम करणारी बाई. डॉक्टर कसा घडतो, याचा मी तरी कधी विचार केला होता? आपण डॉक्टरकडे जातो, तो चिठ्ठी लिहितो, आपण गोळ्या घेतो. हा माणूस कुठं शिकला, काय शिकला, त्याला कुणी शिकवलं, हे विचारावंसं आपल्याला वाटतच नाही. पण अक्कांचा प्रश्न काही मनातून जाईना. मग मी विचारत सुटले. आमच्या गावातले एक निवृत्त डॉक्टर, आमच्या आशाताई आणि शेजारची एमबीबीएसला शिकणारी मुलगी, तिघांनाही पुरतं भंडावून सोडलं. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतेय.

मैत्रिणींनो, आपल्या परभणीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळावं म्हणून लोकांनी आंदोलनं केली, धरणं धरलं. अखेर २०२३ साली १०० जागांचं महाविद्यालय सुरू झालं. तोवर मराठवाड्यातली सरकारी महाविद्यालयं बोटावर मोजण्याइतकी. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, १९५६ चं; अंबाजोगाईचं १९७४ चं; नांदेडचं १९८८ चं आणि लातूरचं २००२ चं. गंगाखेडहून रात्री-अपरात्री पेशंट हलवायचा म्हटलं की वाटा दोनच. एक परळीवरून अंबाजोगाईची, दुसरी पालम-लोह्यावरून नांदेडची. त्या वाटांवर किती बायका जीपमध्येच बाळंत झाल्या, हे जुन्या माणसांना विचारा.

कॉलेज आलं की काय बदलतं? निवृत्त डॉक्टरांनी मला सोप्या भाषेत सांगितलं. "कॉलेज चालवायचं तर प्रत्येक विषयाचे प्राध्यापक लागतात. स्त्रीरोग, बालरोग, भूल, शस्त्रक्रिया, सगळ्यांचे. हेच प्राध्यापक रुग्णालयात रुग्ण तपासतात. शिवाय हाताखाली तरुण डॉक्टर असतात. त्यामुळं रात्री दोन वाजताही कुणीतरी जागं असतं." म्हणजे ज्या 'शिकाऊ पोरां'ना आपण घाबरतो, त्यांच्यामुळंच तो दवाखाना चोवीस तास जागा राहतो!

आणि हे शिकाऊ काही सगळे सारखे नसतात बरं का. एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं नुसती बघायला, बोलायला शिकतात. इंटर्न म्हणजे सगळ्या परीक्षा पास झालेला, पण वरिष्ठांच्या हाताखाली काम करणारा. आणि निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस होऊन, आता एखाद्या विषयात तज्ज्ञ होण्यासाठी शिकणारा. तो पूर्ण डॉक्टरच असतो. आपण मात्र तिघांनाही एकाच मापानं मोजतो. समोरच्याला "तुम्ही कितव्या वर्षाला? तुमचे मोठे डॉक्टर कोण?" एवढं विचारलं तरी निम्मी भीती जाते.

आता अंबाजोगाईचीच गोष्ट घ्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं हे महाविद्यालय आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. ते एका तालुक्याच्या गावात काढण्यामागचा विचार साधा होता. खेड्यातल्या माणसासाठी डॉक्टर हवा असेल तर त्यानं खेड्यातल्या माणसातच शिकावं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळात शिकलेल्या मुलाला सगळी यंत्रं हाताशी असण्याची सवय लागते. तोच मुलगा पुढे एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, जिथं वीजही वेळेवर नसते, की त्याचे हातपाय गळतात. पाण्याच्या टाकीत पोहायला शिकलेल्याला गोदावरीच्या पुरात सोडल्यासारखं ते होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सल्ला दिला होता. खेड्यात डॉक्टर टिकायला हवे असतील तर खेड्यातल्या मुलामुलींना प्रवेश द्या, महाविद्यालयं राजधानीच्या, मोठ्या शहरांच्या बाहेर काढा, शिकत असतानाच विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवा आणि अभ्यासक्रमात खेड्यातले आजार आणा. म्हणजे डॉक्टर पुढे कुठं जाईल, हे बरंचसं तो कुठून आला आणि कुठं शिकला यावर ठरतं. परभणीत कॉलेज येणं म्हणजे केवळ इमारत येणं नव्हे, ते यासाठी.

पुस्तकात जे नाही, ते रुग्ण शिकवतो, याचं मोठं उदाहरण आपल्या मराठवाड्याच्याच मातीतलं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून शिकले, नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथं लाल विंचू चावलेली माणसं यायची, लहान लेकरं यायची आणि डोळ्यांदेखत दगावायची. पुस्तकात लिहिलेल्या उपायांचा काही उपयोग होईना. दुसरा कुणी असता तर 'नशीब त्यांचं' म्हणून मोकळा झाला असता. बावस्कर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं टिपत राहिले. विषानं हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे पुण्याला एमडी करून ते पुन्हा महाडलाच आले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचूदंशावर कामी येते, हे त्यांनी दाखवून दिलं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. लंडनहून निघणाऱ्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यात काय भावलं सांगू? कॉलेजनं त्यांना नाडी बघायला शिकवलं. पण उशाशी बसून राहायला त्या रुग्णांनी शिकवलं.

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या, बायकांच्या, जिव्हाळ्याचं. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. डॉ. अभय बंगांसोबत त्या गडचिरोलीत काम करू लागल्या, तेव्हा त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. त्यात तक्रार घेऊन आलेल्याही होत्या आणि न आलेल्याही. १९८९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना गर्भाशयाचा, योनीमार्गाचा, पाळीचा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात अवघ्या आठ! डॉक्टरांच्या शिक्षणात बाळंतपण होतं, कुटुंब नियोजन होतं. पण बाळंतपण झालं की बाई कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिनं सांगितलंच नव्हतं.

हे वाचून मी म्हणाले, गडचिरोलीची गोष्ट आहे, जुनी आहे. आणि मग माझ्याच घरात ती निघाली.

माझ्या माहेरच्या गावी मध्यंतरी एका मेडिकल कॉलेजची मुलं यायला लागली. २०२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजना सुरू झालीय. प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं नेमून देतात. शिक्षणाच्या काळात त्यानं पुन्हा पुन्हा त्याच घरी जायचं, माणसांची प्रकृती बघायची, नोंद ठेवायची. सेवाग्रामला महात्मा गांधींच्या नावाचं जे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झालं, तिथं प्रत्येक तुकडी एकेक गाव दत्तक घेते. तिथली ती जुनी पद्धत आहे. आता तसंच काहीसं सगळीकडे आलंय.

तर आमच्या घरी एक मुलगी आली. परराज्यातली. सरकारी कॉलेजात शंभरातल्या १५ जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात, त्यातून आलेली. मराठी जेमतेम. पहिल्या खेपेला तिनं ओसरीवर बसून फॉर्म भरला. उत्तरं सगळी आमच्या आईनंच दिली. "सुनेला काही त्रास?" "काही नाही, धडधाकट हाय." झालं, पुढचं घर. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मात्र तिच्यासोबत तिच्या मॅडम होत्या. त्या आईला म्हणाल्या, "आजी, तुमचं बीपी मी ओसरीवर बघते." आणि मुलीला हळूच सांगितलं, "तू आत जा, वहिनींजवळ बस."

आत चुलीपाशी वहिनी भाकरी थापत होती. मुलगी शेजारी फतकल मारून बसली. तिनं वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक! "दीदी, चक्कर येते?" वहिनी म्हणाली, "लई दिवस झाले, अंगावरून जातंय." मुलीला कळेना. अंगावरून काय जातंय? पाल? मुंगी? वहिनीला हसू आलं आणि मग हसता हसता रडूही आलं. पाच महिने तिची पाळी थांबतच नव्हती. दोन-दोन आठवडे अंगावरून जायचं. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगून उपयोग नाही. आणि नणंद? नणंद गंगाखेडमध्ये बायकांच्या आरोग्याची शिबिरं भरवत होती! मैत्रिणींनो, ती नणंद म्हणजे मी. गेल्या दिवाळीला मी तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन आले. एकदाही तिला बाजूला घेऊन विचारलं नाही.

तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती. रक्त चढवावं लागलं, औषधं सुरू झाली, हळूहळू आराम पडला. गर्भाशय काढायची गरज नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी तपासून, समजावून सांगितलं.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. कारण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं उघडकीला आलं आणि २०१९ साली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तरण्याताठ्या. आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठकडूनही कोयते घेऊन बायका जातातच की. सगळ्याच शस्त्रक्रिया चुकीच्या होत्या, असं मी म्हणणार नाही. बायकांनाही रोजचा खाडा परवडत नाही, 'एकदाची ब्याद जाऊ दे' असं त्याही म्हणतात. पण 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढणारा डॉक्टरही कुठल्या तरी कॉलेजातच शिकलेला असतो ना? शस्त्रक्रिया कशी करायची ते त्याला शिकवलं. ती कधी करायची नाही, हे शिकवलं होतं का? आणि शिकवलं असेल तर ते का विसरला?

विसरायला लावणाऱ्या गोष्टीही त्या शिक्षणातच आहेत, हे निवृत्त डॉक्टरांनी कबूल केलं. बारावीपासून मूल नीटच्या मागे धावतं. आपल्याकडे तर घरोघर तेच. पोरगं लातूरला क्लासला, आई खोली करून सोबत, बाप शेतावर एकटा. चार पर्यायांतला एक निवडायचा, ही सवय हाडीमाशी खिळते. एमबीबीएस झालं की पुन्हा पदव्युत्तर प्रवेशाची नीट. इंटर्नशिपचं वर्ष हे खरं तर हात शिकण्याचं वर्ष, पण कितीतरी मुलांचं अर्धं लक्ष त्या पुढच्या परीक्षेच्या पुस्तकात. सरकारी जागा हुकली तर खाजगी कॉलेजची लाखांतली फी. कुणी जमीन विकतं, कुणी कर्ज काढतं. मग हा डॉक्टर जेव्हा दवाखाना थाटतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर बोजा असतो. सगळेच तो रुग्णाच्या खिशातून वसूल करत नाहीत. आमच्या गावात आजही उधारीवर तपासणारे, रात्री दार उघडणारे डॉक्टर आहेत, त्यांना माझा हात जोडून नमस्कार. पण जो मोह होतो त्याचं मूळ कुठं आहे, हे आपण ओळखायला नको का? आणि आईबाप म्हणून त्यात आपलाही वाटा नाही का? "डॉक्टर झाला की रग्गड कमावेल" हे आपणच तर लेकरांच्या कानात भरतो!

आता थोडं बरंही सांगते. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदललाय. आधीचे नियम १९९७ चे होते. आता पहिल्या वर्षापासूनच मुलांना रुग्णांपर्यंत नेतात. रुग्णाशी कसं बोलावं, संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, हे स्वतंत्रपणे शिकवतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत परप्रांतीय मुलांना इथली भाषाही शिकवायची असते. कागदावरचं सगळं वर्गात उतरतं का? तेही शिकवणाऱ्यावर. सरकारी महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या असल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वहिनीच्या घरी तिसऱ्या खेपेला त्या मॅडम आल्या नसत्या तर? मुलगी हुशारच होती. पण 'आत जाऊन बस' हे सांगायला कुणीतरी लागतं. म्हणून परभणीकरांनो, कॉलेज मिळालं म्हणून थांबू नका. तिथं शिकवणारे पुरेसे आहेत का, हेही विचारत राहा.

शेजारच्या मुलीनं मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी त्यांना शरीररचना शिकण्यासाठी मृतदेह असतो. कुणीतरी देहदान केलेलं असतं. त्या माणसानं जिवंतपणी संमती लिहून दिलेली असते. तर पहिल्या दिवशी मुलं त्या देहापुढे उभं राहून शपथ घेतात. हा आमचा पहिला गुरू, आम्ही याचा मान राखू, थट्टा करणार नाही. नव्या अभ्यासक्रमात तर 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' असा धडाच आहे.

ऐकता ऐकता मला अक्का आठवल्या. मेलेल्या माणसाचा एवढा मान! आणि कॉटवर डोळे मिटून पडलेल्या त्या जित्या बाईचा? तीही गुरूच होती की. त्या दहा जणांना त्या दिवशी तिनं काहीतरी शिकवलंच. फक्त तिला कुणी विचारलं नाही आणि कुणी आभारही मानले नाहीत. बरं, त्या दहा जणांनी त्या दिवशी दोन धडे घेतले. एक रोगाचा. दुसरा, बाईला न विचारता हात लावला तरी चालतं, हा. पहिला ते कदाचित विसरलेही असतील. दुसरा जन्मभर पुरला असेल. डॉक्टरच्या शिक्षणाचा आपल्या उपचारांशी काय संबंध, म्हणून विचाराल तर हाच. वॉर्डात गुरुजी जसे वागतात, तसेच पुढची तीस-चाळीस वर्षं ती मुलं हजारो बायांशी वागतात.

म्हणून मी अक्कांकडे परत गेले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणता ते खरं आहे. जे झालं ते चूकच होतं. पण सुनेला घरी ठेवून त्याची भरपाई होणार नाही. तिला न्यायचं, आणि आपण सोबत उभं राहायचं."

तुम्हालाही सांगते. शिकाऊ डॉक्टर तपासायला आला तर आधी तुमची संमती घेणं, हे त्याचं कर्तव्य आहे. 'आत्ता नको' म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सोबत बाईमाणूस असलं पाहिजे, पडदा असला पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे सगळं आहे. कुठली शस्त्रक्रिया, कशासाठी, न केली तर काय होईल, दुसरा उपाय आहे का, हे विचारता येतं. आपले रिपोर्ट मागता येतात, दुसऱ्या डॉक्टरचं मतही घेता येतं. हे आवाज चढवून मागायची गरज नाही. शांतपणे, पण न घाबरता विचारायचं.

आणि हक्कांसोबत आपलंही एक काम आहे. आपण गुरू आहोत ना, मग नीट शिकवू या. जुने कागद पिशवीत घालून न्यायचे. लपवाछपवी करायची नाही. 'बरं आहे' म्हणून विषय संपवायचा नाही. 'अंगावरून जातंय', 'धुपणी होतीय', 'डोळ्यापुढं अंधारी येतीय', 'जीव घाबरा होतोय' हे आपले शब्द त्या लेकरांना समजावून सांगायचे. पुस्तकात ते नाहीत. आणि गावात ती मुलं आली तर सुनेला चुलीपाशी ठेवून स्वतः उत्तरं द्यायची नाहीत. हे सगळ्या सासूबाईंना सांगतेय, माझ्या आईसकट!

परभणीच्या महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडेल. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. त्यातला एखादा पालमला असेल, एखादी जिंतूरला. तोवर ती आपल्यात राहून शिकणार आहेत. ती कशी निघतील, हे थोडं प्राध्यापकांच्या हातात आहे, थोडं सरकारच्या आणि थोडं आपल्याही.

गेल्या आठवड्यात अक्का सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या. मी सोबत होते. एक तरुण मुलगा गळ्यात स्टेथोस्कोप घालून पुढे आला आणि सुनेच्या पोटाकडे हात नेणार, तोच अक्का मध्ये उभ्या राहिल्या.

"बाळा, कितवीला हायेस?"

मुलगा गोंधळला. "इंटर्न आहे, आजी."

"बरं. तपास. शिकल्याबिगर कसं येईल? पण तिचं नाव इचार आधी. आधी विचार, मग हात लाव."

मुलगा क्षणभर थांबला. मग त्यानं पडदा ओढला, सिस्टरना बोलावलं आणि सुनेकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचं नाव काय?"

अक्का माझ्याशेजारी बाकड्यावर येऊन बसल्या. पदर तोंडाशी धरला होता. तीस वर्षांनी का होईना, कुणीतरी नाव विचारलं होतं.